श्वासाआधीचे सूत्र

अलीकडे पुस्तकांच्या कोणत्याही मोठ्या दुकानात गेले तर श्वासावरच्या पुस्तकांसाठी एक स्वतंत्र फळी राखून ठेवलेली दिसते. पूर्वी त्या जागी 'यशस्वी कसे व्हावे' या थाटाची पुस्तके असत. ती हटली आहेत असे नव्हे. पण त्यांच्या शेजारी आता दीर्घ श्वसन, प्राणायाम आणि ताणमुक्ती यांनी ठाण मांडले आहे. २०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन पाळला जाऊ लागला आणि शाळांच्या पटांगणांवर सतरंज्या अंथरल्या गेल्या. पुढे २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत करोनाच्या साथीने श्वास हाच घराघरांतील काळजीचा विषय करून टाकला. बोटाला चिमट्यासारखे लावायचे ते इवलेसे यंत्र आणि त्यावर उमटणारा आकडा यांच्याकडे टक लावून बसलेली कुटुंबे आपण सर्वांनीच पाहिली आहेत.

"फादर, आपण प्राणायाम केला तर चालतो का?" हा प्रश्न मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात पुष्कळदा कानी येतो. विचारणाऱ्याला बहुधा हो किंवा नाही एवढेच उत्तर हवे असते. प्रस्तुत लेखात मला थोडे निराळे काम करावयाचे आहे. प्राणायामाचे जुने ग्रंथ नेमके काय सांगतात, आधुनिक शास्त्राने त्यांतील काय तपासून पाहिले, आणि या दोहोंच्या मध्ये उभे राहून आपल्याशी बोलणारी पुस्तके त्यांतून काय उचलतात व काय गाळतात, हे एक वाचक या नात्याने पाहावयाचे आहे. जे गाळले जाते ते किरकोळ नाही, असे माझे मत झाले आहे.

आरंभ एका शब्दापासून करू. 'ऑक्सिजन'ला आपण मराठीत 'प्राणवायू' म्हणतो. शब्द सुंदर आहे, अर्थवाही आहे, आणि म्हणूनच फसवा आहे. योगग्रंथांतील 'प्राण' म्हणजे हवेत एक पंचमांश असणारा वायू नव्हे. त्या परंपरेत प्राण, अपान, व्यान, उदान आणि समान असे देहव्यापाराचे पाच प्रकार मानले आहेत. नाकाने आत येणारी हवा हे त्यांचे केवळ एक दृश्य अंग होय. परंतु शाळेत 'प्राणवायू' हा शब्द पाठ केलेल्या मराठी माणसाला 'प्राणायाम' म्हणजे 'प्राणवायूचा व्यायाम' असेच आपसूक वाटते. मग "प्राणायामाने शरीराला भरपूर ऑक्सिजन मिळतो" हे वाक्य कोणी उच्चारले की ते सिद्ध करण्याची गरजच उरत नाही. भाषेनेच ते सिद्ध करून ठेवलेले असते. वस्तुतः निरोगी माणसाच्या रक्तातील हिमोग्लोबिन साध्या श्वसनातच ९५ टक्क्यांहून अधिक ऑक्सिजनने भरलेले असते. भरलेल्या घागरीवर कितीही पाणी ओतले तरी ते बाहेरच सांडावयाचे. बोटाच्या यंत्रावरचा आकडा आपण सर्वांनी पाहिलेला आहे, तेव्हा हे समजणे आता अवघड नसावे.

ही गोष्ट पहिल्याने स्पष्टपणे सांगणारा माणूस कोणी पाश्चात्त्य टीकाकार नव्हता. तो महाराष्ट्रातला, किंबहुना लोणावळ्यातला होता. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६), यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केले. उड्डियान आणि नौली या क्रिया करणाऱ्या साधकाला क्ष-किरणांच्या यंत्रापुढे उभे करणारा आणि त्याच्या आतड्यातील दाब नळी घालून मोजणारा हा संन्यासी होता. त्यांचे 'प्राणायाम' हे इंग्रजी पुस्तक १९३१ साली प्रसिद्ध झाले. आजच्या ताणमुक्तीच्या पुस्तकांनंतर ते हाती घेतले म्हणजे त्याचा कोरडेपणा प्रथम खटकतो आणि नंतर आवडू लागतो. लेखक कोठेही वाचकाला चुचकारत नाही. दीर्घ श्वसनाचे पाश्चात्त्य प्रकार ऑक्सिजनच्या हिशेबात जोखले जातात. प्राणायामात तो लाभ दुय्यम असून खरे काम मज्जासंस्थेला वळण लावण्याचे आहे, ही त्यांची भूमिका आहे. ज्याचे आयुष्य प्राणायामाच्या प्रसारासाठी वाहिलेले होते त्यानेच त्याच्या सर्वांत लोकप्रिय समर्थनाला फारशी किंमत देऊ नये, ही बौद्धिक सचोटी विरळा होय. अर्थात मज्जासंस्थेविषयीचे त्यांचे विधान सिद्ध करण्याइतकी साधने त्या काळी त्यांच्यापाशी नव्हती आणि कित्येक ठिकाणी त्यांचा विश्वास त्यांच्या मोजमापापुढे धावतो, हेही नोंदविले पाहिजे.

त्यांच्याकडे शिकावयास आलेल्यांपैकी एकाचे नाव आपल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. मूळचे केरळचे कोवूर थॉमस बेहनन अमेरिकेतील येल विद्यापीठात मानसशास्त्राचा अभ्यास करीत होते. ते लोणावळ्यास येऊन राहिले, स्वतः प्राणायाम शिकले, परत गेल्यावर प्रयोगशाळेत स्वतःवरच प्रयोग केले, आणि १९३७ साली योगाचे शास्त्रीय मूल्यमापन करणारा ग्रंथ लिहिला. त्यांना काय आढळले? उज्जायी करताना ऑक्सिजनचा वापर नेहमीपेक्षा सुमारे पावपट वाढतो. म्हणजे त्या श्वसनालाच कष्ट पडतात. मनाला निवांत, प्रसन्न वाटते हे त्यांनी निःसंकोच मान्य केले. पण प्राणायामानंतर लगेच बेरजांसारख्या चाचण्या दिल्या तर हिशेब मंदावतो, हेही त्यांनी तितक्याच निःसंकोचपणे लिहून ठेवले. निवांतपणा आणि कार्यक्षमता या दोन वेगळ्या वस्तू आहेत. 'प्राणायाम करा आणि कचेरीत दुप्पट काम करा' अशी आज जी जाहिरात होते, तिला या थॉमसने फार पूर्वीच शंका विचारून ठेवली आहे. नावाला जागला म्हणावयाचे!

आता आधुनिक शरीरशास्त्राकडे वळू, कारण कुवलयानंदांच्या 'मज्जासंस्थेचे वळण' या कल्पनेला त्याने पुढे बराच आधार दिला आहे. स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून सावकाश श्वास घेतला व सोडला तर एक गोष्ट लक्षात येते: श्वास आत घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना मंदावते. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी हे १८४७ साली नोंदविले. मेंदूच्या तळाकडून निघून छाती व पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस हृदयाला लगाम घालते. उच्छ्वासाच्या वेळी हा लगाम खेचला जातो, श्वास घेताना सैल पडतो. म्हणून लांब, सावकाश उच्छ्वास हृदयाला शांत करतो. शिवाय मानेतील व छातीतील मोठ्या रक्तवाहिन्यांत रक्तदाब ओळखणारी केंद्रे असतात, आणि त्यांच्या द्वारे रक्तदाब सावरण्याची जी क्रिया चालते तिचा एक फेरा सुमारे दहा सेकंदांचा असतो. श्वासही दहा सेकंदांचा, म्हणजे मिनिटाला सहा, असा घेतला तर श्वास, नाडी आणि रक्तदाब यांच्या लाटा एकमेकींत मिळतात. पाळण्याला योग्य क्षणी हलकासा झोका द्यावा आणि तो मोठा व्हावा, तसे काहीसे हे आहे.

मेंदूतही एक दुवा सापडला आहे. श्वासाचा ठेका धरणारा मज्जापेशींचा एक पुंजका आहे. त्याला 'प्री-बॉटझिंगर' असे नाव आहे. (हे नाव जर्मनीतील एका परिषदेत मेजावर असलेल्या वाइनच्या बाटलीवरून पडले. शास्त्रज्ञही माणसेच!) २०१७ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार या पुंजक्यातील काही थोड्या पेशी मेंदूच्या जागृती व उत्तेजना वाढविणाऱ्या भागाशी जोडलेल्या आहेत. उंदरांमधील या पेशी निकामी केल्या तेव्हा ती उंदरे विलक्षण शांत झाली आणि एका जागी बसून अंग साफ करीत राहिली. उंदरावरून माणसाकडे उडी मारताना जपावे लागते. तरी श्वासाच्या गतीची खबर मेंदूच्या उत्तेजनेपर्यंत पोहोचते, एवढे यावरून दिसते. तेव्हा 'श्वास चळला की चित्त चळते' ही हठयोगाची जुनी समजूत केवळ कविकल्पना होती, असे म्हणण्यास आता जागा नाही.

या सर्व संशोधनात एक शोधनिबंध आपल्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. इटलीतील पाव्हिया विद्यापीठाचे लुचियानो बर्नार्दी आणि त्यांचे सहकारी यांनी तो डिसेंबर २००१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला. तेवीस निरोगी प्रौढांना त्यांनी लॅटिन भाषेतील 'आवे मारिया' आणि 'ओम् मणि पद्मे हुम्' हा मंत्र म्हणावयास लावला व त्यांचा श्वास, हृदय आणि रक्तदाब मोजला. दोन्ही पठनांत श्वासाची गती मिनिटाला जवळजवळ सहावर आली आणि रक्तदाब सावरण्याची शरीराची क्षमता सुधारली. जपमाळेकडे धार्मिक साधनेबरोबर आरोग्यसाधना म्हणूनही पाहता येईल, असे लेखकांनी सुचविले.

आमच्यापैकी अनेक धर्मगुरूंनी हा निबंध प्रवचनात वापरला आहे. "पाहा, विज्ञानानेही जपमाळ मान्य केली!" असे म्हणताना जो आनंद होतो तो मी समजू शकतो, परंतु हा निबंध बारकाईने वाचला पाहिजे. त्याचे मोजमाप चोख आहे, इतिहास मात्र कच्चा आहे. जपमाळ क्रूसयोद्ध्यांनी अरबांकडून युरोपात आणली, आणि अरबांनी ती तिबेटी भिक्षू व भारतीय योगी यांच्याकडून घेतली, असे लेखक ठामपणे सांगून टाकतात. वास्तविक पहिले क्रूसयुद्ध १०९६ साली सुरू झाले. त्याआधीच इंग्लंडमधील लेडी गोडायव्हा हिने प्रार्थना मोजण्याची रत्नांची माळ मठाला दिल्याची नोंद आहे, आणि वाळवंटातील प्राचीन तापस तर खड्यांवर प्रार्थना मोजत असत. दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा. दहा सेकंदांत बसणारी ही प्रार्थना म्हणजे आजची संपूर्ण 'नमो मरिया'. पण तिचा उत्तरार्ध रोमन प्रार्थनाग्रंथात १५६८ साली कायम झाला. त्यापूर्वी कित्येक शतके भाविक केवळ पूर्वार्ध म्हणत असत. मग माळेची घडण दहा सेकंदांच्या श्वासासाठी झाली, हे अनुमान कसे टिकावे? तिसरी गोष्ट, 'ओम् मणि पद्मे हुम्' हा मंत्र बौद्धांच्या अवलोकितेश्वराच्या उपासनेतला आहे. त्याला सरसकट 'योगमंत्र' म्हणणे म्हणजे दूरच्या माणसाने केलेली गल्लत होय.

असे असूनही या निबंधातील एक निरीक्षण मला फार मोलाचे वाटते, आणि गंमत म्हणजे त्याचा कोणी फारसा उल्लेख करीत नाही. जपमाळेत पूर्वार्ध एकाने म्हणावयाचा आणि उत्तरार्ध इतरांनी. दहा सेकंद भरतात ते दोन बाजू मिळून. ऑक्टोबर महिन्यात ओट्यावर बसून घरची जपमाळ म्हणताना हेच घडते: आजी म्हणते तेव्हा नातवंडे श्वास घेतात, नातवंडे उत्तर देतात तेव्हा आजीला श्वास मिळतो. (जेवणाची घाई असली की आपल्याकडे हा वेग मिनिटाला सहावर राहत नाही, हे खरे, तशा जपमाळेचे रक्तदाबावर काय परिणाम होतात ते इटालियन संशोधकांनी तपासलेले नाही.) संथ श्वास येथे एकट्याने साधलेला नसतो. दुसऱ्याला वाव देण्यातून तो आपोआप येतो.

आता या विषयावरील अलीकडच्या सर्वांत खपाऊ पुस्तकाकडे येऊ. अमेरिकन पत्रकार जेम्स नेस्टर यांचे श्वासावरील पुस्तक २०२० साली, नेमके साथीच्या वर्षी, प्रसिद्ध झाले. पुस्तक वाचनीय आहे यात शंका नाही. लेखक स्वतःची नाकपुडी दहा दिवस बुजवून केवळ तोंडाने श्वास घेण्याचा प्रयोग करवून घेतो, आणि ती प्रकरणे वाचताना आपलेच नाक चोंदल्यासारखे वाटते. तोंडाऐवजी नाकाने श्वास घ्यावा, सावकाश घ्यावा, एवढा त्याचा उपदेश निरुपद्रवी व हितकारक आहे. परंतु पत्रकाराला शेवटी एक बातमी लागते, आणि येथे ती बातमी म्हणजे साडेपाचचा आकडा: साडेपाच सेकंद आत, साडेपाच सेकंद बाहेर, मिनिटाला सुमारे साडेपाच श्वास, हाच परिपूर्ण श्वास! बर्नार्दींचा निबंध येथे साक्षीला येतो. ख्रिस्ती, बौद्ध, हिंदू अशा साऱ्या प्रार्थना एका आकड्यात येऊन मिळतात आणि वाचक भारावून जातो. प्रार्थनांतील भेद मात्र या मेळ्यात कोठल्या कोठे हरवतात.

या आकड्याची परीक्षा पुढे झाली. २०२३ साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात एक चाचणी प्रसिद्ध झाली. चारशे माणसांचे दोन गट केले. एका गटाने चार आठवडे रोज सुमारे दहा मिनिटे मिनिटाला साडेपाच या गतीने श्वास घेतला, दुसऱ्याने मिनिटाला बारा या जवळजवळ नेहमीच्याच गतीने. ताण, चिंता, उदासी यांच्या मोजणीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. जादूच्या आकड्याला हा बराच मोठा धक्का आहे. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात बारा चाचण्यांतील ७८५ जणांची एकत्रित छाननी आली. तिच्यानुसार श्वसनाच्या सरावाने ताण कमी होतो, पण तो लाभ लहान ते मध्यम प्रमाणाचा असतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनीही २०२३ सालीच, रोज पाच मिनिटे दुहेरी श्वास घेऊन लांब सुस्कारा सोडण्याच्या सरावाने मनःस्थिती सुधारते, असे दाखविले. सुस्काऱ्याचे महत्त्व आमच्या आयाबायांना प्रयोगशाळेवाचूनही ठाऊक होते, असो. सांगावयाचे ते एवढेच की लाभ आहे, परंतु तो माफक आहे. आणि त्यातील किती श्वासाच्या गतीचा व किती दहा मिनिटे शांत बसल्याचा, हे अजून नीटसे वेगळे करता आलेले नाही.

मग जुने ग्रंथ अधिक मोठे आश्वासन देतात काय? येथे मूळ ग्रंथ उघडल्यावर जे दिसते ते अनपेक्षित आहे. सेमिनरीत भारतीय दर्शनांच्या अभ्यासात पतंजलीची योगसूत्रे आम्हांला वाचावी लागत. परीक्षेपुरती वाचलेली ती सूत्रे पुढे अनेक वर्षांनी पुन्हा वाचली, तेव्हा पहिल्या पादातील एका लहानशा प्रकरणावर मी थबकलो. तिसाव्या सूत्रात चित्ताला विचलित करणारे नऊ अंतराय येतात: आजार, आळस, संशय वगैरे. एकतिसाव्यात त्यांचे चार सोबती येतात: दुःख, मनाची खिन्नता, अंगाचा कंप आणि विस्कळीत श्वास-प्रश्वास. हान्स सेली या शास्त्रज्ञाने १९३६ साली ज्या शरीरव्यापाराचे पहिले टिपण प्रसिद्ध केले व ज्याला पुढे 'स्ट्रेस' हे नाव मिळाले, त्याचे इतके नेटके वर्णन एका सूत्रात सापडावे याचे नवल वाटते. चौतिसाव्या सूत्रात श्वास बाहेर सोडून धरण्याचा उपाय येतो. ताणमुक्तीच्या पुस्तकांना हवे असते ते हेच, आणि पतंजलीचा हवाला ती येथूनच देतात.

पण एकतीस आणि चौतीस यांच्या मध्ये तेहतिसावे सूत्र आहे. त्यात श्वासाचे नावही नाही. सुखी माणसांविषयी मैत्री, दुःखितांविषयी करुणा, पुण्यवानांविषयी मुदिता म्हणजे आनंद, आणि दुर्जनांविषयी उपेक्षा; या भावना जोपासल्या की चित्त निर्मळ होते, असा त्याचा आशय आहे. चित्त शांत करण्याच्या उपायांची मालिका पतंजली श्वासापासून सुरू करीत नाही. शेजाऱ्यापासून सुरू करतो.

यावर कोणी चाणाक्ष वाचक म्हणेल की चौतिसाव्या सूत्रात 'वा' हे अव्यय आहे. 'वा' म्हणजे 'किंवा'. म्हणजे ज्याला मैत्री-करुणा जमत नाही त्याने श्वासाचा उपाय करावा, एकाऐवजी दुसरे. आक्षेप व्याकरणाला धरून आहे. परंतु हजारएक वर्षांपूर्वी मिथिलेचा वाचस्पती मिश्र या भाष्यकाराने त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. त्याच्या मते हा 'वा' पुढे येणाऱ्या इतर उपायांना उद्देशून आहे, मागच्या मैत्री-करुणेला उद्देशून नाही. कारण त्या भावनांची इतर उपायांशी जोड घालावयाची आहे. श्वास की एखाद्या विषयावर एकाग्रता, की आणखी काही, हे साधकाने आपल्या पिंडाप्रमाणे निवडावे. मैत्री-करुणा मात्र निवडीचा विषय नाही. ती प्रत्येक उपायाच्या सोबत आहेच. एका अक्षराचा हा निवाडा माझ्या दृष्टीने या संपूर्ण चर्चेतील सर्वांत महत्त्वाचे टीकावाक्य आहे. आजची ताणमुक्तीची पुस्तके चौतिसावे सूत्र घेतात आणि तेहतिसावे गाळतात. त्यामुळे ती प्राचीन परंपरेचे सार सांगतात असे मानणे चूक आहे. ती तिचा अर्धा भाग, तोही सोपा अर्धा, सांगतात.

तेहतिसावे सूत्र सोपे नाही, हे कोणत्याही धर्मग्रामातील माणसाला सांगावयास नको. त्यातही दुःखितांविषयी करुणा त्या मानाने सोपी. सुखी माणसाशी मैत्री ही खरी कसोटी. शेजाऱ्याने जमीन विकून बंगला बांधला, भावाचा मुलगा परदेशी गेला, चुलत बहिणीच्या मुलीचे लग्न थाटात झाले. आपल्या किती निद्रानाशांची मुळे येथे आहेत! मिनिटाला सहा श्वास घेतल्याने त्या रात्री झोप येईल. सकाळी बंगला तेथेच असेल.

'उपेक्षा' या शब्दाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. आजच्या मराठीत उपेक्षा म्हणजे हेळसांड. सूत्रातील उपेक्षा म्हणजे द्वेष न करता तटस्थ राहणे. हा अर्थ ध्यानात घेऊनही माझे पतंजलीशी येथे पूर्ण जुळत नाही. एकांतातील साधकाला दुर्जनाविषयी तटस्थ राहणे शोभेल. दारुड्या नवऱ्याच्या माराखाली रोज जगणाऱ्या बाईला, किंवा तिच्या शेजाऱ्यांना, ते पुरेसे नाही. तेथे कोणीतरी उठून दार ठोठावावे लागते. अशा बाईला 'रोज दहा मिनिटे अनुलोम-विलोम करा' एवढेच सांगणारा सल्लागार तिचा ताण तिच्याच नाकपुड्यांत शोधत असतो. बारा-बारा तास राबवून, विरारच्या गाडीला लोंबकळत घरी पाठविलेल्या नोकरांसाठी ज्या कंपन्या ताणमुक्तीची शिबिरे भरवतात, त्यांनाही हेच लागू आहे. ताण हा पुष्कळदा दोन माणसांच्या मधे असतो, आणि तो तेथेच सोडवावा लागतो.

ख्रिस्ती वाचकाला यात परके वाटण्यासारखे काही नाही. योहानच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू शिष्यांवर श्वास फुंकतो, आणि त्यापाठोपाठ लगेच विषय निघतो तो पापांच्या क्षमेचा. श्वास आणि दुसऱ्याशी असलेले नाते यांची तेथेही ताटातूट नाही. संत इग्नाती यांच्या 'आध्यात्मिक साधने'त एका श्वासागणिक प्रार्थनेचा एकेक शब्द म्हणण्याची पद्धत आहे. तेव्हा देहाला प्रार्थनेत सामील करून घेणे आपल्यालाही नवे नाही. लोणावळ्याशी निगडित असलेले येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो यांच्या १९७८ सालच्या 'साधना' या पुस्तकात श्वासावरचे पाठ आहेत. (डिमेलोंच्या लेखनातील काही मतांविषयी रोमने १९९८ साली इशारा दिला, तो विषय स्वतंत्र आहे.) १५ ऑक्टोबर १९८९ रोजी रोममधील श्रद्धासिद्धांत मंडळाने ख्रिस्ती ध्यानाविषयी एक पत्र काढले. ते योगाविरुद्धचे फर्मान आहे अशी आपल्याकडे समजूत आहे. ती ते पत्र न वाचता झालेली आहे. पौर्वात्य पद्धतींतील उपयुक्त ते घेता येईल, असे त्यात म्हटले आहे. इशारा आहे तो असा की काही शारीरिक क्रियांनी आपोआप स्वस्थता व सुखद संवेदना येतात; त्यांना पवित्र आत्म्याचे सांत्वन समजणे ही चूक होय, आणि आचरण त्या अनुभवाला साजेसे नसेल तर हानीही संभवते. वाचस्पती मिश्राला हे पत्र दाखविता आले असते तर या मुद्द्यावर त्याने मान डोलविली असती असे मला वाटते.

हठप्रदीपिकेबद्दल थोडक्यात. पंधराव्या शतकातील या ग्रंथात आजच्या वर्गांतील बहुतेक कुंभक-प्रकार सापडतात. सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश करावे तसा प्राणही हळूहळू वश करावा, अन्यथा तो साधकाचाच घात करतो, असा धडधडीत इशारा त्याच ग्रंथात आहे. चुकीच्या अभ्यासाने उचकी, दमा, खोकला, डोकेदुखी होते हेही सांगितले आहे. जलद, जोरकस श्वसनाने रक्तातील कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि चक्कर येते, हातापायांना मुंग्या येतात. त्या चक्करेला कोणी दिव्य अनुभव समजू नये. हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, गर्भारपण असेल तर कपालभाती, भस्त्रिका आणि दीर्घकाळ श्वास कोंडणे टाळावे व डॉक्टरांना विचारावे. रक्तदाबाच्या किंवा मनोविकाराच्या गोळ्या प्राणायामाच्या भरवशावर बंद करणाऱ्यांना मी पाहिले आहे. त्यांचे परिणामही पाहिले आहेत.

साधा, सावकाश, न कोंडता घेतलेला श्वास मात्र कोणाही निरोगी माणसाने घ्यावा. त्याला माझी किंवा कोणाचीही परवानगी लागत नाही. आणि ज्यांना मूळ ग्रंथाशी ओळख करून घ्यावयाची आहे त्यांच्यासाठी कृष्णाजी केशव कोल्हटकर यांचे योगसूत्रांवरील सविस्तर विवरण मराठीत आहे. ग्रंथ जाडजूड आहे, भाषा जुन्या वळणाची आहे; जुन्या सार्वजनिक वाचनालयांत तो शोधावा. सगळा वाचण्याची आवश्यकता नाही. पहिल्या पादातील तीस ते एकोणचाळीस ही दहा सूत्रे एका बैठकीत वाचून होतात.